रखडलेला व्हिडिओ गेम दुसऱ्या स्टुडिओने पूर्ण करणे

घोषणा होऊन वर्षे लोटली तरी मूळ स्टुडिओच्या हातून बाहेर न पडलेला व्हिडिओ गेम वेगळ्या स्टुडिओने हाती घेऊन विक्रीला आणणे, हा गेम उद्योगात अधूनमधून दिसणारा प्रकार आहे. मूळ स्टुडिओचा पैसा संपतो, गेम बाजारात आणणाऱ्या प्रकाशकाचा धीर सुटतो किंवा दोघांचे बिनसते. मग गेमचे हक्क ज्याच्याकडे असतील तो नवा स्टुडिओ शोधतो. नव्या मंडळींच्या हाती सोर्स कोड (गेमचा मूळ प्रोग्रॅम), थ्रीडी मॉडेल, अर्धवट लेव्हल (गेममधले टप्पे) आणि एक गाजलेले, प्रसंगी बदनाम झालेले, नाव येते. एखादा भाग तीनदा का बदलला, एखादी युक्ती का सोडून दिली, हे मात्र जुन्या लोकांच्या डोक्यातच राहते. ते लोक सोबत आले की नाही, यावर पुढचे बरेच काही ठरते.

या प्रकाराचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे 'ड्यूक न्यूकेम फॉरेव्हर'. टेक्सासमधील थ्रीडी रेल्म्स या स्टुडिओचा 'ड्यूक न्यूकेम थ्रीडी' हा ड्यूक नावाच्या नायकाचा गोळीबाराचा गेम 1996 मध्ये तुफान चालला आणि 1997 च्या एप्रिलमध्ये पुढच्या भागाची घोषणा झाली. सुरुवात 'क्वेक 2' या दुसऱ्या गेमच्या इंजिनवर, म्हणजे गेम ज्यावर उभा राहतो त्या मूळ सॉफ्टवेअरवर, झाली. 1998 मध्ये गेम उद्योगाच्या ई-थ्री प्रदर्शनात ट्रेलर दाखवला, लोकांनी डोक्यावर घेतला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत स्टुडिओने ते इंजिन सोडून अनरियल इंजिन धरले. म्हणजे झालेल्या कामातले पुष्कळसे पुन्हा करणे आले. 2001 मध्ये दुसरा ट्रेलर आला, तोही गाजला. त्यानंतर कित्येक वर्षे जवळपास सामसूम. गेम कधी येणार, या प्रश्नाला स्टुडिओचे ठरलेले उत्तर होते : तयार होईल तेव्हा.

हे उत्तर देणे त्यांना परवडत होते, आणि खरी गोम तिथेच आहे. आधीच्या गेमने मिळवून दिलेल्या पैशांवर थ्रीडी रेल्म्स स्वतःच्या खर्चाने काम करत होती. प्रकल्पप्रमुख जॉर्ज ब्रूसार्ड आणि स्कॉट मिलर हे स्टुडिओचे मालकच. हप्ते रोखून तारीख मागणारा प्रकाशक डोक्यावर नव्हता. 2000 मध्ये प्रकाशनाचे हक्क टेक-टू कंपनीकडे गेले, तरी कामाचा वेग ठरवणे तिच्या हाती नव्हते. दुसऱ्यांच्या नव्या गेममध्ये काही आकर्षक दिसले की तेही आपल्यात हवे, असा हट्ट सुरू राहिला. मुदतीचा जाच वाईट असे कलावंत नेहमी म्हणतात. या प्रकल्पाकडे पाहिले की ती तक्रार थोडी सावधपणे ऐकावीशी वाटते. 'वायर्ड' मासिक दरवर्षी 'व्हेपरवेअर'ची, म्हणजे घोषणा होऊनही न येणाऱ्या उत्पादनांची, यादी छापत असे. त्यात हा गेम इतक्यांदा आला की 2003 मध्ये मासिकाने त्याला थट्टेने जीवनगौरव देऊन टाकला.

2009 च्या मे महिन्यात पैसा संपला आणि गेमवर काम करणाऱ्या सगळ्यांना घरी पाठवण्यात आले. टेक-टूने खटला भरला. तो पुढच्या वर्षी तडजोडीने मिटला. दरम्यान काढून टाकलेल्यांपैकी काही जणांनी ट्रिप्टिक गेम्स नावाचा छोटा गट करून घरून काम चालूच ठेवले होते. ड्यूकच्या जुन्या कर्त्यांपैकी ॲलन ब्लम त्यात होते. या गटाला आसरा मिळाला टेक्सासमधीलच गिअरबॉक्स सॉफ्टवेअरकडे. गिअरबॉक्सचे प्रमुख रँडी पिचफोर्ड एकेकाळी थ्रीडी रेल्म्समध्येच नोकरीला होते. गिअरबॉक्सने ड्यूकचे हक्कच विकत घेतले. कन्सोलच्या, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रांच्या, आवृत्त्या आणि मल्टिप्लेअरचा, म्हणजे अनेकांनी मिळून खेळायचा, भाग पिरान्हा गेम्स या कॅनडातील स्टुडिओकडे गेला. 2010 च्या सप्टेंबरमध्ये सिॲटलमध्ये भरलेल्या गेमप्रेमींच्या पॅक्स मेळाव्यात गेम प्रत्यक्ष खेळायला ठेवला, तेव्हा कुठे लोकांचा विश्वास बसला. शेवटी 2011 च्या जूनमध्ये, 14 वर्षांहून थोड्या अधिक काळानंतर, गंगेत घोडे न्हाले.

खेळणाऱ्यांच्या हाती जे पडले त्यात मात्र मधल्या सगळ्या वर्षांची ठिगळे उघडी दिसत होती. आरशात स्वतःला न्याहाळले, वजने उचलली की ड्यूकचा 'इगो' वाढतो आणि इगो म्हणजेच त्याचा जीव; ही गंमत जुन्या ड्यूकच्या स्वभावातली. पण आडोशाला थांबले की तो जीव आपोआप भरून येणे आणि एका वेळी दोनच शस्त्रे बाळगता येणे, हे नियम मधल्या काळात इतर गेमनी रूढ केलेले. जुन्या ड्यूककडे शस्त्रांचे भांडारच असे, त्यामुळे चाहते विशेषतः दोन शस्त्रांवर चिडले. पुढे पीसीसाठी ही मर्यादा वाढवण्यात आली. जुनाट ग्राफिक्स, कन्सोलवरचे लांबलचक लोडिंग आणि स्त्रियांविषयीचे हिणकस विनोद यांवरही समीक्षक तुटून पडले. समीक्षांची सरासरी शंभरात पन्नाशीच्या आसपास रेंगाळली. गेममध्ये स्वतःच्या विलंबाची थट्टा मात्र आहे : सुरुवातीची मोठी लढाई संपते आणि कळते, की ड्यूक स्वतःच सोफ्यावर बसून हा गेम खेळत होता. कसा आहे, असे विचारल्यावर तो म्हणतो की बारा वर्षांनंतर चांगला असायलाच हवा. वाक्य लिहिले तेव्हा बारा असावीत. गेम येईपर्यंत तेही शिळे झाले.

गिअरबॉक्सने गेम बिघडवला, असे तेव्हा बरेच जण म्हणत. ते फारसे पटत नाही. लेव्हल, रचना, विनोद हे बहुतेक सगळे थ्रीडी रेल्म्सचेच होते. गिअरबॉक्सने ते जोडून दारापर्यंत पोहोचवले.

विशेष म्हणजे याच थ्रीडी रेल्म्सचा दुसरा रखडलेला गेम परक्या हातांनी उत्तम तडीस गेला होता. 'प्रे'चे काम 1995 मध्ये सुरू होऊन काही वर्षांत थांबले. त्यात कल्पिलेली पोर्टल, म्हणजे एका जागेतून थेट दुसऱ्या जागेत उघडणारी दारे, त्या काळच्या तंत्राला झेपली नाहीत. 2001 पासून ह्यूमन हेड स्टुडिओजने 'डूम 3'साठी बनलेल्या इंजिनवर तो नव्याने उभारला आणि 2006 मध्ये तो बाजारात आला. अमेरिकी आदिवासी नायक, परग्रहवासीयांचे जहाज आणि पोर्टल एवढा गाभा त्यांनी ठेवला, बाकीचे सोडून दिले. समीक्षकांनी त्याचे स्वागत केले.

अलीकडे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्याकडेच कल दिसतो. 'डेड आयलंड 2' 2014 मध्ये जाहीर झाला तेव्हा बर्लिनच्या यागर स्टुडिओकडे होता. तिथून तो सुमो डिजिटलकडे आणि 2019 मध्ये नॉटिंगहॅमच्या डॅमबस्टरकडे गेला. 2023 मध्ये आल्यावर तीन दिवसांत त्याच्या दहा लाख प्रती खपल्या. 'मेट्रॉइड प्राइम 4'बाबत निन्टेंडोने 2019 मध्ये काम मनासारखे होत नसल्याची उघड कबुली देऊन ते रेट्रो स्टुडिओजकडून नव्याने सुरू केले. 'ब्लडलाइन्स 2' हार्डसूट लॅब्सकडून काढून द चायनीज रूमला देण्यात आला. हे दोन्ही गेम 2025 मध्ये आले.

ड्यूकची 2001 च्या सुमाराची अर्धवट आवृत्ती 2022 मध्ये इंटरनेटवर फुटली. ती खरी असल्याचे ब्रूसार्ड यांनी मान्य केले, पण त्यात सलग खेळण्याजोगे फारसे काही नाही, असेही सांगितले. तरीही चाहत्यांनी त्या फायली घेऊन 2001 च्या ट्रेलरमधला ड्यूक पुरा करण्याचा प्रकल्प सुरू केला.