ॲम्प परत पाठवायच्या आधी ती पिवळी वायर वापरा

बॉक्समध्ये आमच्या हेडफोन ॲम्पसोबत (फोनचा सिग्नल वाढवून हेडफोनला देणारी खिशातली डबी) वीतभर लांबीची एक पिवळी वायर येते, एका टोकाला साडेतीन एमएमची पिन आणि दुसऱ्या टोकाला सोललेल्या तीन तारा. "ही कसली वायर, चुकून आली का?" असा मेसेज आम्हाला सारखा येतो, आणि ज्यांचा येत नाही त्यांनी ती बॉक्ससकट रद्दीत टाकलेली असते. चुकून आलेली नाही. मी आणि माझा मेहुणा रविवारी बसून त्या हाताने सोल्डर करतो, आणि खरं सांगायचं तर ॲम्पच्या खालोखाल बॉक्समधली कामाची वस्तू तीच आहे.

तुमचे प्रश्न फिरून फिरून दोनच असतात. एक, "ॲम्प चांगला आहे की नाही हे ऐकून कसं ठरवायचं?" आणि दुसरा, जो प्रश्न कमी आणि तक्रार जास्त असते, "मित्राकडचा ॲम्प जास्त दमदार वाजतो, तुमचा जरा पातळ वाटतो." दोन्हीचं उत्तर त्या वायरमध्ये आहे म्हणून हा कागद.

मागच्या पावसाळ्यात नाशिकच्या एका ग्राहकाने ॲम्प परत पाठवला, बेस नाही म्हणून. आम्ही उघडला, मोजला, सगळं ठीक, परत पाठवला. दहा दिवसांनी पुन्हा आला, यावेळी चिठ्ठी जरा रागावलेली. मग फोनवर नीट बोललो तेव्हा कळलं की त्यांनी दोन ॲम्प शेजारी ठेवून दोन्हींचा नॉब बाराच्या काट्यावर ठेवला होता आणि म्हणत होते बघा, सेम व्हॉल्यूमवर तुमचा कमी पडतो. आता नॉब कुठे आहे याचा आवाज किती आहे याच्याशी काडीचा संबंध नाही. त्यांचा दुसरा ॲम्प बॉक्समधूनच हाय गेनवर येतो, आमचा लो गेनवर. गेन म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा ते. आमच्या लो गेनला सिग्नल जेवढा येतो तेवढाच पुढे जातो, हायला तिप्पट होतो, म्हणजे साधारण साडेनऊ डीबीचा (डेसिबल, आवाज मोजायचं माप) फरक. एवढा फरक असल्यावर कुठलाही माणूस मोठा वाजणाराच उचलणार, मी पण. दोन वेळचं कुरियर, तीन आठवडे, आणि शेवटी फोनवर त्यांनी मागचं गेनचं बटण हायवर केलं आणि म्हणाले, "अरे, आता आला की बेस!"

ही एकच चूक आहे जिच्यात आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो आणि तुमचे पैसे जातात. आवाज सारखा न करता तुलना.

नऊ डीबीचा फरक निदान ओळखता तरी येतो. खरी गंमत एक डीबीच्या आत आहे. एक ॲम्प दुसऱ्यापेक्षा अर्धा किंवा एक डीबी मोठा असेल तर तुम्हाला तो "मोठा" असा ऐकूच येत नाही, तो "क्लिअर" ऐकू येतो, "ओपन" ऐकू येतो, गायक पुढे आल्यासारखा वाटतो. कान लहान आवाजात खालचे आणि अगदी वरचे सूर कमी ऐकतो, आवाज वाढला की ते मधल्या सुरांपेक्षा जास्त वाढल्यासारखे वाटतात. बेल लॅब्जमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये याचे आलेख काढून ठेवलेत, म्हणजे ही काही आमच्या दुकानाची सबब नाही. टीव्हीच्या शोरूममध्ये सगळ्यात उजळ लावलेला टीव्ही भारी दिसतो आणि घरी आणल्यावर डोळे दुखतात, तसंच.

तर पिवळी वायर अशी वापरायची. वीस-पन्नास रुपयांचा वाय स्प्लिटर घ्या, एक पिन दोन सॉकेटवाला. तो ॲम्पच्या आउटपुटला लावा, एका सॉकेटात तुमचा हेडफोन, दुसऱ्यात पिवळी वायर. हेडफोन लावलेलाच पाहिजे, कारण लोड असताना आणि नसताना काही ॲम्पचं व्होल्टेज बदलतं आणि आपल्याला लोड असतानाचं हवंय. पण तो डोक्यावर नको, टेबलावर ठेवा. आता फोनवर २०० हर्ट्झचा टोन लावा (फाइल मागितली तर व्हॉट्सॲपवर पाठवतो, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवतो, व्हॉइस नोट म्हणून फॉरवर्ड करू नका). मल्टिमीटर एसी व्होल्टवर, एक प्रोब काळ्या तारेला म्हणजे ग्राउंडला, दुसरी पांढऱ्याला म्हणजे डाव्या चॅनलला. लाल तार उजवी, तिला तोवर टेप लावून ठेवा म्हणजे एकमेकींना चिकटणार नाहीत. नेहमीच्या ऐकण्याला नॉब जिथे असतो तिथे ठेवून आकडा लिहून घ्या, समजा ०.३०० व्होल्ट आला. मग दुसरा ॲम्प लावा आणि त्याचा नॉब ०.३०० येईपर्यंत फिरवा. ०.२९७ ते ०.३०३ मध्ये आला तरी चालेल, एक टक्का म्हणजे ०.१ डीबीच्या आत बसतं. झालं. पाच मिनिटांचं काम आहे.

मीटरबद्दल एक, तो सगळीकडे मिळणारा दोन-अडीचशेचा पिवळा मीटर इथे चालत नाही. त्याला एसीच्या दोनच रेंज असतात, २०० आणि ७५० व्होल्ट, त्यात आपले ०.३ व्होल्ट म्हणजे ट्रकच्या काट्यावर कोथिंबीर मोजणं. एसीला २ किंवा ४ व्होल्टची रेंज असलेला मीटर घ्या, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हजाराच्या आत मिळून जातो. टोन २०० हर्ट्झचाच का, तर असे मीटर साधारण ४०० हर्ट्झपर्यंतच विश्वासाने मोजतात, एक हजारवर आकडा खोटा येऊ शकतो.

फोनच्या व्हॉल्यूमने आवाज जुळवायला जाऊ नका. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये सगळ्या मिळून १५ पायऱ्या असतात, एका पायरीला दोन-तीन डीबीची उडी पडते, तिथे ०.१ कुठून जुळणार? जुळवायचं ते ॲम्पच्या नॉबने. आणि फोनच्या किंवा डोंगलच्या (फोनच्या चार्जिंग पोर्टला लावायच्या छोट्या अडॅप्टरच्या) हेडफोन जॅकमधून ॲम्पला वायर घेत असाल तर फोनचा आवाज पूर्ण नाहीतर एक-दोन पायऱ्या खाली ठेवा. फोन तीस टक्क्यांवर आणि ॲम्प शेवटपर्यंत फिरवलेला, आणि मग "हिस येतो हो," असं सांगणारे आठवड्याला निदान दोघं भेटतात. साहेब, फोनने सिग्नल बारीक दिला, खरखर तेवढीच राहिली, आणि ॲम्पने दोन्ही मिळून वाढवलं, त्यात त्याची काय चूक.

मीटर नसेल तर? कानाने जुळवता येतं पण एक डीबीच्या आत येणं कठीण, आणि सगळा घोळ तर त्या एक डीबीच्या आतच आहे. सरळ दुकानात या, दोन्ही ॲम्प घेऊन या, दुसऱ्या कंपनीचा असला तरी या. मीटर टेबलावरच असतो, त्याचे पैसे घेत नाही.

आता "मग तुम्ही लो गेनवर का पाठवता, हायवर पाठवा की, लगेच भारी वाटेल" असं आम्हाला आमच्याच डीलरने सुचवलंय. धंद्याच्या दृष्टीने बरोबर आहे त्याचं. पण आमचे निम्म्याहून जास्त ग्राहक इअरफोन लावतात, इन-इअरवाले, ते इतके सेन्सिटिव्ह असतात की हाय गेनवर नॉब जरा हलला की कान फुटायची वेळ. शिवाय कुठलाही साधा ॲनालॉग व्हॉल्यूम पॉट (नॉबच्या आतला फिरणारा भाग) अगदी सुरुवातीला डावा-उजवा सारखा चालत नाही, एका कानात आवाज जास्त वाटतो. आम्ही पॉट एकेक तपासून लावतो, बरेच बाजूला काढतो, तरी पहिल्या थोड्या भागात तो स्वभाव राहतोच. लो गेनवर नॉब निम्म्याच्या आसपास येतो, तिथे दोन्ही बाजू जुळतात आणि हिसही खाली जातो. म्हणून लो. हेडफोन ३०० ओहमचा असेल तर मागचं बटण हायवर करा, त्यासाठीच दिलंय.

आवाज जुळला, आता ऐकायचं कसं. लांबलचक गाणी ऐकून मग दुसरा ॲम्प लावून पुन्हा तीच गाणी, असं नको. बारीक फरकाची आठवण कानात काही सेकंदच टिकते, नंतर राहतं ते आपलं मत. दहा-पंधरा सेकंदांचा एकच तुकडा घ्या आणि पटकन बदला. आणि बदलणारा दुसरा कोणी असू द्या, बायको, भाऊ, रूममेट, तुम्ही पाठ करून बसा. त्याने नाणं उडवून ठरवायचं, तुम्ही ओळखायचं, दहा वेळा. पाच बरोबर आले तर तो अंदाज आहे. सात आले तरी हुरळू नका, नुसत्या नशिबाने सात किंवा जास्त यायची शक्यता साधारण सतरा टक्के असते. नऊ किंवा दहा आले तर मात्र फरक खरा आहे, आणि तेव्हा मला फोन करा, मला पण ऐकायचाय.

तुकडा कुठला, तर ज्याचा खरा आवाज तुमच्या ओळखीचा आहे तो. मी तानपुरा लावतो. जवारी नीट लागलेल्या तारेत वरचे सूर एकावर एक उलगडत जातात, ॲम्प कुठे घोटाळा करत असेल तर ती झळाळी खरखरीत होते. मेहुणा ढोलकी लावतो, शाईवरची थाप आणि धुमाची घुमक एकाच वेळी, मोठ्या आवाजात बॅटरी कमी पडत असेल तर ती थाप चपटी होते. जुन्या ७८च्या रेकॉर्डवरून घेतलेली गाणी ऐकायला लावा, ॲम्प तपासायला नको, त्यातली खरखर रेकॉर्डची की ॲम्पची हे कोण सांगणार. आणि गाणं न लावता पण ऐका. हे कोणी करत नाही. रात्री, पंखा बंद, गाणं थांबवलेलं, नॉब नेहमीच्या जागी. हिस आहे का, गुणगुण आहे का. हे तपासताना चार्जर काढा, दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंग नसतं, त्यातून गुणगुण येते आणि मेटल बॉडीला हात लावला तर बारीक मुंग्या पण येतात, तो चार्जरमधून गळणारा बारीक करंट असतो, ॲम्पचा फॉल्ट नाही.

इतकं केल्यावर बरेचदा असं होतं की दोन चांगल्या ॲम्पमधला फरक गायबच होतो. हे आम्ही विकणाऱ्यानेच सांगावं हे विचित्र आहे, पण आहे असं. मग आवाज जुळवूनही जो फरक राहतो तो कुठून येतो? बहुतेक वेळा आउटपुट इम्पिडन्समधून, म्हणजे ॲम्पच्या आउटपुटला स्वतःचा जो विरोध असतो त्यातून, तो ओहममध्ये मोजतात. हेडफोनचे ओहम सगळ्या सुरांना सारखे नसतात. सेनहायझर एचडी ६५० म्हणायला ३०० ओहमचा, पण बेसमध्ये ८०-१०० हर्ट्झच्या आसपास तो ५०० च्या जवळ जातो. जुन्या रिसीव्हरच्या जॅकला शंभर-शंभर ओहम आउटपुट असायचं, त्यावर याचा बेस जवळपास एक डीबी फुगतो आणि लोक म्हणतात, "काय वॉर्म आवाज आहे!" एकाच कानात बरेच ड्रायव्हर (आवाज काढणारे छोटे भाग) असलेल्या इअरफोनचं तर अजून बिकट, एका सुराला ८ ओहम, दुसऱ्याला ४०, आणि ॲम्पचं आउटपुट १० ओहम असेल तर दोन सुरांत पाच डीबीचा फरक पडतो, म्हणजे इअरफोनच वेगळा झाला. आमचं आउटपुट १ ओहमच्या आत आहे, प्रत्येक नग मोजून मागच्या स्टिकरवर आकडा पेनाने लिहितो. तुम्हाला तो जुना फुगीर बेसच आवडत असेल तर इक्वलायझर लावा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त तुलना करताना मात्र इक्वलायझर, फोनमधलं डॉल्बी, सगळं बंद.

बॅलन्स्ड ४.४, म्हणजे ४.४ एमएमचा बॅलन्स्ड जॅक, का देत नाही हेही विचारता. बॅलन्स्डमध्ये एका चॅनलला दोन ॲम्प उलटसुलट ढकलतात, व्होल्टेज दुप्पटपर्यंत जातं, म्हणजे सहा डीबी. एकाच डिव्हाइसवर साडेतीनमधून काढून ४.४ मध्ये लावलं की स्वर्ग दिसतो तो मुख्यतः या सहा डीबीचा. अवघड हेडफोनला ती ताकद उपयोगी आहे हे मान्य, पण खिशातल्या बॅटरीवर खर्च दुप्पट. आणि एक कळकळीची विनंती, दुसऱ्या कोणाच्या बॅलन्स्ड ॲम्पला कन्व्हर्टर लावून आमची पिवळी वायर जोडू नका. तिला ग्राउंड एकच आहे, दोन्ही निगेटिव्ह शॉर्ट होतील आणि तो ॲम्प जाईल.

"बर्न-इन किती तास?", म्हणजे नवा ॲम्प नुसता वाजवत ठेवून किती तास मुरवायचा? शून्य. कानाला सवय व्हायला चार दिवस लागतात, ते तासात धरा हवं तर.

आणि सगळ्यांना ॲम्प लागतच नाही. तोच एचडी ६५० एक व्होल्टला १०३ डीबी वाजतो, चांगलं डोंगल साधारण एक व्होल्ट देतं, मग शांत खोलीत ऐकणाऱ्याला पुरतं. साधे इअरफोन, आवाज पुरेसा, हिस नाही, तर पैसे हेडफोनमध्ये घाला, आमच्याकडे तेही आहेत. आवाज पुरत नाही, लॅपटॉपच्या जॅकमधून खरखर येते, मोठ्या बेसला आवाज फाटतो, यातलं काही असेल तर आमचा ॲम्प घ्या, फरक पहिल्याच दिवशी कळेल.

पंधरा दिवसांत परत घेतो, कारण विचारत नाही. पण परतीच्या कागदावर एक रकाना आहे, "दोन्ही ॲम्पचा आकडा किती आला?" तो भरा, रिकामा असेल तर मेहुणा फोन करेल आणि तो फार वेळ बोलतो. नॉब, गेनचं बटण जसं होतं तसंच ठेवून पॅक करा. आणि पिवळी वायर बॉक्समध्ये टाकायला विसरू नका.