मेदिनीपूरचे म्हणजे नक्की कुठचे? थोडी पार्श्वभूमी

बंगालच्या मेदिनीपूर जिल्ह्यात जन्मलेल्या मोठ्या माणसांची यादी करायला बसलं की पहिला घोळ जिल्ह्याचाच होतो. कारण नुसता 'मेदिनीपूर' असा जिल्हा आज नाहीये. १ जानेवारी २००२ ला त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले, २०१७ ला पश्चिमेतून झाडग्राम वेगळा निघाला. मग लोक सरळ वाटणी करतात, बेचाळीसच्या चळवळीतल्या मातंगिनी हाजरा पूर्वेच्या, क्रांतिकारक खुदिराम बोस पश्चिमेचे. मला ही वाटणी पटत नाही.

समाजसुधारक ईश्वरचंद्र विद्यासागरांचंच बघा ना. १८२० ला बीरसिंह गावात जन्मले तेव्हा ते गाव हुगळी जिल्ह्यात होतं, पुढे ते हयात असतानाच घाटालकडचा तो पट्टा मेदिनीपूरला जोडला गेला. म्हणजे त्यांचा जन्म हुगळीत झाला आणि गाव आज पश्चिम मेदिनीपुरात आहे! (विधवाविवाहावरच्या त्यांच्या पुस्तकाचं मराठी भाषांतर विष्णुशास्त्री पंडितांनी केलं, तो धागा आपल्याकडचा.)

खुदिरामचा जन्म १८८९ चा, गाव कोणी मोहबनी सांगतं तर कोणी हबीबपूर. आधीची मुलं वाचली नव्हती म्हणून आईने तीन मुठी खुद, म्हणजे तांदळाची कणी, घेऊन बाळ मोठ्या मुलीला 'विकलं', त्यावरून हे नाव पडलं. आईवडील लहानपणीच गेले, बहिणीनेच वाढवलं, आणि शाळा आधी तमलूकला, मग मेदिनीपूर शहरात. तमलूक आता पूर्वेत. मग पोरगा कुठल्या जिल्ह्याचा म्हणायचा? इंग्रज मॅजिस्ट्रेटला मारायला टाकलेला मुझफ्फरपूरचा बॉम्ब आणि त्यावरच्या केसरीतल्या लेखांपायी टिळकांना झालेली मंडाले सगळ्यांना माहीतच आहे. टिळकांना शिक्षा जुलै १९०८ मध्ये झाली, खुदिरामला फाशी ११ ऑगस्टला, तेव्हा त्याला १९ वंही पूर्ण नव्हतं.

आता मूळ मुद्दा. हा जिल्हा तोडायचा विचार इंग्रजांचाच होता, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. जिल्हा अवाढव्य, त्यात माणसं ऐकणारी नाहीत, म्हणून खरगपूरजवळच्या हिजलीला नव्या जिल्ह्याचं मुख्यालय करायचं ठरलं, इमारतसुद्धा बांधली, पण विरोध झाला आणि बेत बारगळला. विरोध करणाऱ्यांत जिल्ह्यातल्याच कांथीकडचा एक बॅरिस्टर, बीरेंद्रनाथ सासमल, पुढे होता, त्यानेच १९२१ ला युनियन बोर्डांच्या (सरकारने गावोगावी नेमलेल्या स्थानिक मंडळांच्या) कराविरुद्ध गावंच्या गावं उभी केली आणि सरकारला जिल्ह्यातली जवळपास सगळी बोर्डं मागे घ्यावी लागली. हे मला बॉम्बपेक्षा मोठं वाटतं, कारण इथे शेतकऱ्याने भांडीकुंडी जप्त होऊ दिली पण कर दिला नाही.

हिजलीची ती रिकामी इमारत मग १९३० ला राजबंद्यांची छावणी झाली. पुढच्याच वर्षी १६ सप्टेंबरला तिथे नि:शस्त्र कैद्यांवर गोळीबार झाला, दोघे गेले. आणि १९३१, ३२, ३३ अशी लागोपाठ तीन वर्षं जिल्ह्याचा इंग्रज मॅजिस्ट्रेट मारला गेला.

बेचाळीसमध्ये तमलूकला सत्तरी ओलांडलेल्या मातंगिनी तिरंगा घेऊन मोर्च्याच्या पुढे होत्या, २९ सप्टेंबरला गोळ्या लागून गेल्या. डिसेंबरमध्ये तिथे इंग्रजांना समांतर असं ताम्रलिप्त सरकार उभं राहिलं आणि १९४४ पर्यंत चाललं, आपल्या साताऱ्याच्या प्रतिसरकाराच्याच काळात. ते तमलूकचं म्हणून आज 'पूर्वेचा इतिहास' झालाय, पण त्याच्या मागची वीस वर्षांची तालीम अख्ख्या जिल्ह्याने केली होती.

२००२ चं विभाजन सोयीचं होतं हे मान्य, २००१ च्या जनगणनेत इथे जवळपास ९६ लाख लोक होते, एका कलेक्टरने सांभाळायचं तरी किती. पण सोयीसाठी आखलेली रेघ शंभर वर्षं मागे ओढून माणसं वाटायची हे चूकच. हिजलीची ती इमारत अजून उभी आहे, आयआयटी खरगपूरच्या आवारात. आयआयटी तिथेच सुरू झाली, आता त्यात म्युझियम आहे.