पराभवातून उभी राहिलेली चळवळ : अमेरिकी पुराणमतवादाची पार्श्वभूमी

नोव्हेंबर १९६४ मध्ये झालेल्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांचा दारुण पराभव झाला. लिंडन जॉन्सन यांना सुमारे ६१ टक्के मते आणि निर्वाचक मंडळातील ४८६ मते मिळाली; गोल्डवॉटर यांच्या वाट्याला अवघी ५२ आली. स्वतःचे अ‍ॅरिझोना आणि दक्षिणेतील पाच राज्ये एवढीच काय ती त्यांची कमाई. सरकारने अर्थकारणातून हात काढून घ्यावा असे उघडपणे सांगणाऱ्या उजव्या राजकारणाला अमेरिकेत आता भवितव्य नाही, असा निष्कर्ष तेव्हा अनेक जाणकारांनी काढला. पुढे सोळाच वर्षांनी, १९८० मध्ये, जवळपास तीच भूमिका मांडणारे रोनाल्ड रेगन ४४ राज्ये जिंकून अध्यक्ष झाले. मधल्या काळात या मंडळींनी भाषणांपेक्षा बांधणीवर अधिक भर दिला, आणि त्यांच्या यशाचे खरे कारण तेथेच शोधावे लागते.

मुळात १९३३ नंतरची अमेरिका फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी घडवली होती. महामंदीच्या काळात त्यांनी बँकांवर नियंत्रणे आणली, १९३५ मध्ये वृद्धांसाठी सामाजिक सुरक्षेचा कायदा केला आणि कामगार संघटनांना कायद्याचे पाठबळ दिले. ही व्यवस्था मोडून काढावी असे वाटणारे रिपब्लिकन पक्षातच होते. पण १९५२ मध्ये पक्षाने ओहायोचे सिनेटर रॉबर्ट टाफ्ट यांना डावलून आयझेनहॉवर यांना उमेदवारी दिली, आणि आयझेनहॉवर यांनी ती व्यवस्था मुकाट्याने चालू ठेवली. त्यामुळे उजव्या विचारांच्या माणसाला आपल्याच पक्षात परके झाल्यासारखे वाटू लागले.

या असंतोषाला वैचारिक घर मिळाले ते १९५५ मध्ये, विल्यम बकली यांनी सुरू केलेल्या ‘नॅशनल रिव्ह्यू’ या नियतकालिकामुळे. तेथे तीन निरनिराळे गट एकत्र आले. मुक्त बाजारपेठेचे पुरस्कर्ते, धर्म आणि परंपरा यांना समाजाचा पाया मानणारे आणि कम्युनिझमचे कडवे विरोधक असे हे तीन गट होते. खरे तर यातील पहिल्या दोघांचे जमणे कठीण, कारण बाजारपेठ परंपरेची पत्रास ठेवत नाही. जेथे नफा दिसेल तेथे ती रविवारची प्रार्थनाही मोडते. पण समान शत्रू असला की मतभेद बाजूला ठेवता येतात, आणि सोव्हिएत संघाने ते काम तब्बल साडेतीन दशके केले. एकेकाळी स्वतः कम्युनिस्ट असलेल्या फ्रँक मायर यांनी या युतीला तात्त्विक बैठक दिली.

या घराच्या पायात एक काळी बाजूही होती. याच नियतकालिकाने १९५७ मध्ये एका संपादकीयात दक्षिणेतील गोऱ्यांच्या वर्चस्वाची पाठराखण केली होती, आणि १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या विरोधात गोल्डवॉटर यांनी सिनेटमध्ये मत दिले होते. त्यांनी कारण राज्यघटनेचे दिले. पण दक्षिणेतील गोऱ्या मतदारांना त्यातून जो अर्थ घ्यायचा तो त्यांनी घेतला. यादवी युद्धापासून डेमोक्रॅटिक पक्षाला बांधलेला हा मतदार त्या वर्षी सैल झाला, आणि पुढे रिचर्ड निक्सन यांनी ‘कायदा आणि सुव्यवस्था’ या भाषेत त्याला साद घातली. उजव्यांच्या उदयाचे सगळे श्रेय वंशभेदाला देणे चुकीचे ठरेल, पण तो वगळून सांगितलेली हकिकत अर्धवट राहते.

आता बांधणीकडे वळू. त्या काळी उमेदवाराला ठरावीक रकमेहून अधिक देणगी देणाऱ्यांची नावे वॉशिंग्टनमध्ये प्रतिनिधिगृहाच्या कार्यालयात जमा होत आणि ती कोणालाही पाहता येत. रिचर्ड व्हिगरी नावाच्या तरुण कार्यकर्त्याने गोल्डवॉटर यांच्या पराभवानंतर तेथे ठाण मांडून देणगीदारांची नावे-पत्ते हाताने उतरवून घेतले. बारा हजारांच्या आसपास नावांची ही यादी म्हणजे टपालाने निधी गोळा करण्याच्या एका मोठ्या धंद्याचे भांडवल ठरले. पक्षाच्या श्रेष्ठींची किंवा वृत्तपत्रांची मनधरणी न करता थेट समर्थकाच्या घरी पत्र टाकायचे, त्याला संताप येईल असा एखादा विषय मांडायचा आणि सोबत पाकीट जोडायचे, ही पद्धत त्यातून रुळली.

उजव्या कार्यकर्त्या फिलिस श्लाफ्ली यांची मोहीमही अशीच. स्त्री-पुरुष समानतेची घटनादुरुस्ती काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, १९७२ मध्ये मंजूर केली, तेव्हा त्यासाठी लागणारी ३८ राज्यांची संमती ही केवळ औपचारिकता वाटत होती. श्लाफ्ली यांनी गृहिणींना संघटित केले. इलिनॉयच्या विधिमंडळात या स्त्रिया आमदारांना घरी भाजलेला पाव आणि घरचा जॅम नेऊन देत आणि दुरुस्ती फेटाळण्याची विनंती करत. दुरुस्ती ३५ राज्यांवर अडली आणि १९८२ मध्ये मुदत संपली. घर सांभाळण्याचे महत्त्व सांगत या बाईंनी स्वतः मात्र देशभर दौरे केले, ही विसंगती त्यांच्या विरोधकांनी वारंवार दाखवली. अनुयायी स्त्रियांना तिचे काही वाटले नाही.

धर्माचा भाग सर्वांत गुंतागुंतीचा आहे. गर्भपाताला घटनात्मक संरक्षण देणारा ‘रो विरुद्ध वेड’ निकाल १९७३ चा, आणि इव्हँजेलिकल, म्हणजे बायबललाच अंतिम प्रमाण मानणारे प्रॉटेस्टंट ख्रिस्ती, त्याच क्षणी पेटून उठले असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात त्यांच्यातील सदर्न बॅप्टिस्ट पंथाच्या अधिवेशनाने १९७१ मध्ये काही परिस्थितींत गर्भपाताला मुभा असावी असा ठराव केला होता. वंशभेद पाळणाऱ्या खाजगी ख्रिस्ती शाळांची करसवलत काढून घेण्याच्या सरकारी हालचालींनी धर्मगुरूंना राजकारणात खेचले, असे काही इतिहासकार मानतात. गर्भपाताचा प्रश्न हळूहळू अग्रभागी आला. धर्मगुरू जेरी फॉलवेल यांनी १९७९ मध्ये ‘मॉरल मेजॉरिटी’ ही राजकीय संघटना स्थापन केली. दुसऱ्याच वर्षी रविवारच्या शाळेत बायबल शिकवणाऱ्या अध्यक्ष जिमी कार्टर यांच्याऐवजी इव्हँजेलिकलांतील बहुसंख्यांनी रेगन या घटस्फोटित हॉलिवूड नटाला मत दिले.

मध्यमवर्गाला जोडणारा धागा कराचा होता. कॅलिफोर्नियात घरांच्या किमती भडकल्या तसा मालमत्ता कर वाढत गेला आणि निवृत्त लोकांना राहते घर परवडेना. जून १९७८ मध्ये ‘प्रपोझिशन १३’ या नावाच्या सार्वमतात हा कर मूल्यांकनाच्या एक टक्क्यावर बांधून टाकण्याचा प्रस्ताव जवळपास दोन तृतीयांश मतांनी मंजूर झाला. त्याचा फटका पुढे तेथील शाळांना बसला. रेगन यांनी अध्यक्ष झाल्यावर प्राप्तिकराचा सर्वोच्च दर ७० टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने २८ टक्क्यांपर्यंत आणला. सरकार मात्र आकुंचन पावले नाही आणि त्यांच्या आठ वर्षांत राष्ट्रीय कर्ज सुमारे तिप्पट झाले.

सर्वांत टिकाऊ काम न्यायालयांबाबत झाले. येल आणि शिकागो येथील कायद्याच्या विद्यार्थ्यांनी १९८२ मध्ये ‘फेडरलिस्ट सोसायटी’ स्थापन केली. राज्यघटनेचा अर्थ ती लिहिली गेली तेव्हा जसा घेतला जाई तसाच घ्यावा, हा त्यांचा आग्रह होता. या विचाराचे अध्वर्यू रॉबर्ट बोर्क यांची सर्वोच्च न्यायालयावरील नियुक्ती सिनेटने १९८७ मध्ये ५८ विरुद्ध ४२ मतांनी फेटाळली. त्यानंतर संस्थेच्या वर्तुळातून वकील, सरकारी अधिकारी आणि कनिष्ठ न्यायाधीश यांची एक पिढीच तयार झाली, आणि जून २०२२ मध्ये ‘डॉब्स’ खटल्यात रो निकाल रद्द झाला. एका निकालासाठी जवळपास पन्नास वर्षे थांबण्याची तयारी डाव्या बाजूने क्वचितच दाखवली आहे.

सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विसर्जित झाल्यावर युतीतील जुने ताण वर आले. १९६५ च्या स्थलांतर कायद्याने आशियाई लोकांना दारे खुली केली होती. महाराष्ट्रातून गेलेले डॉक्टर आणि अभियंते त्याच दाराने आत गेले. पॅट ब्यूकॅनन यांनी १९९२ मध्ये स्थलांतर आणि मुक्त व्यापार या दोहोंना विरोध करत खुद्द अध्यक्ष बुश यांना पक्षांतर्गत आव्हान दिले. ते हरले, तीच भूमिका घेऊन डोनाल्ड ट्रम्प २०१६ मध्ये जिंकले, तेही ‘नॅशनल रिव्ह्यू’ने त्यांच्या विरोधात खास अंक काढल्यानंतर.

१९७३ मध्ये स्थापन झालेल्या ‘हेरिटेज फाउंडेशन’ या उजव्या धोरणसंस्थेने १९८१ मध्ये रेगन यांच्यासाठी ‘मँडेट फॉर लीडरशिप’ हा कारभाराचा जाडजूड आराखडा काढला होता. त्याच नावाची नवी आवृत्ती संस्थेने २०२३ मध्ये, पुढच्या रिपब्लिकन सरकारसाठी आखलेल्या ‘प्रोजेक्ट २०२५’ अंतर्गत काढली. तीत व्यापारधोरणावर एकमताचे प्रकरण देता आले नाही. आयातशुल्काचा जोरदार पुरस्कार करणारे एक आणि मुक्त व्यापाराची बाजू मांडणारे दुसरे, असे दोन्ही लेख शेजारी शेजारी छापले आहेत.