पार्श्वभूमी : 'सेटिंग' कुठे संपतं?

जॉबवर्कच्या, म्हणजे दुसऱ्याचे सुटे भाग घडवून द्यायच्या कामाच्या, बिलात 'सेटिंग चार्ज' अशी एक ओळ असते, मशीन त्या कामाला तयार करायच्या वेळेचे पैसे. कोल्हापूरची शिरोली वसाहत असो, गोकुळ शिरगावची असो की उद्यमनगरातलं दोन लेथचं वर्कशॉप, तिच्यावरून घासाघीस ठरलेली. भांडण पैशाचं दिसतं, पण त्याच्या बुडाशी एका शब्दाचा गुंता आहे.

इंग्रजीत 'सेट' हे मुळात दोन वेगळे शब्द. क्रियापद जुन्या जर्मानिक घराण्यातलं. 'सिट' म्हणजे बसणं आणि त्याचं प्रयोजक रूप 'सेट' म्हणजे बसवणं. सदन, सभासद, उपनिषद यांतला आपला 'सद्' धातू त्याच कुळातला. समूह दाखवणारं नाम मात्र लॅटिन 'सेक्टा'पासून, म्हणजे पंथ या अर्थाच्या शब्दापासून, फ्रेंचमार्गे आलं. उच्चार एक झाले तसे अर्थही एकमेकांत मिसळले. इंग्रजीच्या सर्वांत मोठ्या ऐतिहासिक कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत या क्रियापदाचे ४३० अर्थ आहेत. मराठी माणसाला याचं नवल वाटायला नको. आपण गणपती बसवतो, नाटक बसवतो, दात बसवतो. घट बसतात, घडी बसते, हिशेबाचा मेळ बसतो.

कोल्हापूरच्या तोंडी हा शब्द रुळवण्यात सिनेमाचा वाटा मोठा. मूकपटांच्या काळात इथल्या स्टुडिओनं रंगवलेले पडदे मागे टाकून उभे, लांबी-रुंदी-खोली असलेले देखावे बांधले. १९३२ चा पहिला मराठी बोलपट इथेच तयार झाला. शुद्ध मराठीत सेटला 'नेपथ्य' म्हणतात, पण संस्कृतात नेपथ्य म्हणजे नटाची वेशभूषा आणि पडद्यामागची रंगायची जागा.

पुढे ऑईल इंजिनं आली आणि शेतकऱ्याच्या घरात 'पंपसेट' शिरला. इंजिन किंवा मोटर आणि पंप एका बेसवर, मध्ये कपलिंग. हा समूहाचा सेट, म्हणून 'पंपसंच' शोभतो. चुकलं ते त्यानंतर. सरकारी परिभाषेनं हाच 'संच' दूरध्वनीला आणि दूरचित्रवाणीलाही लावला. शाळेच्या गणितातही संच, परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेलाही संच. बसवण्याचा अर्थ मात्र उघड्यावर राहिला. त्यामुळे कारखान्यात 'सेटिंग' जसंच्या तसं चालू राहिलं, आणि त्याचे किमान तीन अर्थ झाले.

फाउंड्रीत कोअर, म्हणजे ओतलेल्या भागात पोकळी राखणारा वाळूचा गाभा; त्याचं सेटिंग म्हणजे शब्दशः बसवणं. साच्याच्या खालच्या बॉक्समधल्या प्रिंटवर, म्हणजे त्यासाठी राखलेल्या खाचेत, कोअर ठेवायचा, लागेल तिथे चॅपलेटचा, म्हणजे धातूच्या छोट्या आधाराचा, टेकू द्यायचा, गॅस निघायची वाट मोकळी आहे का बघायचं, मग वरचा बॉक्स झाकायचा. कोअर दोन मिलिमीटर सरकला की एक भिंत पातळ आणि समोरची जाड. व्हेंट, म्हणजे ती गॅसची वाट, बुजला की ब्लो होल, म्हणजे धातूत गॅसचं भोक. चॅपलेट गंजका असेल तर लोखंड त्याच्याशी एकजीव होत नाही आणि प्रेशर टेस्टला तिथूनच पाणी झिरपतं. त्याच फाउंड्रीत 'सँड सेट झाली' म्हणजे रेझिन-हार्डनर मिसळलेली वाळू घट्ट झाली. इथे कुणी काही बसवत नाही, वाळू आपली आपण धरते. उन्हाळ्यात वाळू तापलेली असेल किंवा हार्डनर जास्त पडला असेल, तर बॉक्स भरायच्या आतच ती धरू लागते आणि मोल्डच्या कडा भुसभुशीत होऊन झडतात.

तिसरं सेटिंग मशीन शॉपचं, आणि खरा वाद त्याचाच. सीएनसी, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या, लेथवर सॉफ्ट जॉ, म्हणजे जॉब पकडणारे मऊ जबडे, जॉबच्या मापाला बोअर करायचे, टूलची धार जॉबच्या सेंटरच्या उंचीला आहे का तपासायचं, प्रत्येक टूल टच करून त्याच्या मापाचा फरक, म्हणजे ऑफसेट, भरायचा, मापं जिथून मोजायची तो वर्क झिरो घ्यायचा, पहिला कट हात राखून मारायचा. टूल सेंटरच्या खाली राहिलं तर फेसिंगला, म्हणजे जॉबचं तोंड सपाट करताना, मधोमध बारीक टोक उरतं. जॉ नीट बोअर झाले नाहीत तर जॉब फिरताना मारतो, म्हणजे डुलतो. पहिला पीस मोजला, व्यास ०.०४ मिलिमीटर जास्त आला, म्हणून एक्सच्या, म्हणजे व्यासाच्या दिशेच्या, वेअर ऑफसेटमध्ये (झिजेच्या दुरुस्तीच्या रकान्यात) उणे ०.०४ टाकलं. दुसरा पीस मापात आला.

आता सेटिंग कधी संपलं? पहिला पीस निघाला तेव्हा, की मापातला पहिला पीस निघाला तेव्हा? काम देणारा पहिलं म्हणतो, काम करणारा दुसरं. उत्पादन व्यवस्थापनातली रूढ व्याख्या आधीच्या लॉटच्या शेवटच्या चांगल्या पीसपासून नव्या लॉटच्या पहिल्या चांगल्या पीसपर्यंतचा वेळ धरते, आणि तेच न्याय्य आहे. त्या पहिल्या पीसवर हात राखून मारलेले कट, मोजमाप, दुरुस्ती हे सगळं बसवणंच आहे. रक्कमही किरकोळ नसते. ६० मिनिटांचं सेटिंग १० नगांत वाटलं तर नगामागे ६ मिनिटं पडतात. २०० नगांत वाटलं तर १८ सेकंद. म्हणून लहान लॉटवाल्याला हा चार्ज टोचतो आणि मोठ्या लॉटवाल्याला तो दिसतही नाही. ऑर्डर घेतानाच 'मापातल्या पहिल्या पीसपर्यंत' एवढे शब्द लिहून घेतले, तर पुढची निम्मी भांडणं होत नाहीत.

बोलण्यातलं 'सेटिंग' आणखी निराळं. आधीच ठरवलेल्या कुस्तीला खासबाग कुस्ती मैदानाच्या प्रेक्षकांकडे 'नुरा' हा जुना शब्द आहे. तिथेही आता 'सेटिंग होतं' ऐकू येतं. या अर्थानं एका कसबी कामाचं नाव विनाकारण डागाळलं.

टाइमशीटवर सेटिंगच्या शेजारचा रकाना 'रनिंग'चा. इंग्रजी कोशातही हेच दोघे समोरासमोर आले. नव्या आवृत्तीच्या कामात 'रन' क्रियापदाचे ६४५ अर्थ भरले आणि २०११ च्या सुमारास 'सेट'चा पहिला नंबर गेला.

शॉपमध्ये या दोन रकान्यांची माणसंही वेगळी असतात, सेटर आणि ऑपरेटर, आणि पगारही वेगळा. रेघ साधारण अशी: टूलची टिप झिजून माप सरकलं तर ऑपरेटरनं वेअर ऑफसेट बदलायचा, तोही शंभरावा भाग किती आणि चिन्ह उणे की अधिक हे दोनदा वाचून, जॉमेट्रीच्या, म्हणजे टूलच्या मूळ मापांच्या, पानाला हात लावायचा नाही. तिथे एक आकडा चुकला की टूल थेट जॉब धरणाऱ्या चकवर जातं.