परदेशात पशुवैद्यकीय पदवीसाठी शैक्षणिक कर्ज : बडोद्यातून अर्ज करताना

ऑफर लेटर हातात आल्यावर बँकेत गेलं की बहुतेकांना उशीर झालेला असतो. डिपॉझिट भरायला कॉलेज काही आठवडे देतं, आणि तारणाच्या घराचे कागद सरळ करायला तीन-चार महिने सहज जातात. म्हणून ज्या महिन्यात कॉलेजांना अर्ज कराल, त्याच महिन्यात घराची फाइलही उघडा.

पण आधी पदवी तपासा. अमेरिकेत काम करायचं असेल तर कॉलेज अमेरिकन व्हेटरनरी मेडिकल असोसिएशनची मान्यता असलेलं हवं. नसेल तर थेट नॅव्हली (तिथली पशुवैद्यकाच्या परवान्याची) परीक्षेने काम भागत नाही, परदेशी पदवीधरांसाठीची वेगळी, खर्चिक पायऱ्यांची प्रक्रिया पार करावी लागते. ब्रिटनमध्ये नोंदणीसाठी रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरनरी सर्जन्सची यादी पाहा. भारतात परतायचं असेल तर भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, 1984 ची दुसरी अनुसूची बघा. मान्य परदेशी पदव्या त्यात आहेत. नोंदणी नाही तर प्रॅक्टिस नाही, आणि प्रॅक्टिस नाही तर हप्ता कुठून येणार? बँकेचा अधिकारीही हेच विचारतो, त्यामुळे मान्यतेचा पुरावा छापून फाइलमध्ये लावा.

रक्कम किती मागायची

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. इंजिनिअरिंगच्या मास्टर्सला दोन वर्षं लागतात. पशुवैद्यकीय पदवीला ब्रिटनमध्ये साधारण पाच, बुडापेस्टला साडेपाच, आणि अमेरिकेत आधीच्या कॉलेज शिक्षणानंतर चार. पहिल्या वर्षाची फी गुणिले पाच हा हिशेब चुकतो. समजा फी 30,000 पौंड आहे आणि दरवर्षी 5 टक्के वाढते, तर पाच वर्षांची बेरीज 1,50,000 नव्हे, सुमारे 1,65,800 पौंड होते. रुपया घसरला तर ते आणखी वेगळं.

फीपलीकडचा खर्चही आधीच लिहून काढा. सुट्ट्यांत फार्मवर आणि दवाखान्यांत बिनपगारी काम करणं ब्रिटनमधल्या अभ्यासक्रमाचा भाग आहे. तिथे जाण्या-राहण्याचा खर्च विद्यार्थ्यालाच करावा लागतो. गमबूट, वॉटरप्रूफ कपडे, स्टेथोस्कोप, रेबीजची लस, विमा. बँक साधारणपणे कॉलेजच्या पत्रात दिसतं तेवढंच धरते, म्हणून कॉलेजकडून संपूर्ण अभ्यासक्रमाचं वर्षवार खर्चपत्रक मागवा. नुसता फीचा स्क्रीनशॉट चालत नाही.

आता व्याज. समजा दरवर्षाच्या सुरुवातीला 10 लाख, असे पाच वर्षांत 50 लाख उचलले, दर 10 टक्के सरळव्याज आणि सवलतीचा (हप्ता न भरण्याचा) काळ अभ्यासक्रम अधिक एक वर्ष. पहिला हप्ता सुरू होण्याआधीच 20 लाख व्याज साचतं. मग 70 लाखांवर 15 वर्षांचा हप्ता साधारण 75 हजार रुपये पडतो. हा आकडा आई-वडील आणि मुलगी किंवा मुलगा, सगळ्यांनी एकत्र बसून बघावा. शिकत असताना व्याज भरत गेलात तर काही बँका दरात 1 टक्का सूट देतात. शाखेत ते लेखी विचारा.

कुठे अर्ज करायचा

विद्यालक्ष्मी पोर्टलवर एका फॉर्ममध्ये तीन बँकांना अर्ज जातो. 2024 मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना वेगळी आहे, ती भारतातल्या ठरावीक संस्थांसाठीच आहे. तिच्यात परदेशी कॉलेज शोधू नका. बँकांच्या आदर्श योजनेत 4 लाखांपर्यंत तारण नाही, साडेसात लाखांपर्यंत तिसऱ्या व्यक्तीची हमी, त्यावर तारण. परदेशासाठी 15 टक्के मार्जिन, म्हणजे खर्चातला स्वतःचा वाटा, आपलं. शिष्यवृत्ती त्यात धरता येते आणि ते एकदम नाही, दरवर्षी प्रमाणात भरता येतं.

गुजरातचे रहिवासी आणि बिनअनामत, म्हणजे आरक्षण नसलेल्या, वर्गात असाल तर राज्याच्या बिनअनामत निगमचं परदेश अभ्यास कर्ज (15 लाखांपर्यंत, 4 टक्के सरळव्याज) नक्की बघा. त्यासाठी बिनअनामत प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. दोन्हीकडून कर्ज घेणार असाल तर कोणती मालमत्ता कुठे तारण ठेवायची ते आधीच ठरवा, तेच घर दोनदा चालत नाही. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती अनुसूचित जातींसारख्या ठरावीक गटांसाठी आणि मास्टर्स, पीएचडीची आहे, म्हणजे त्यांच्यातल्या आणंदला बीव्हीएससी (पशुवैद्यकीय पदवी) करून पुढे जाणाऱ्यांना उपयोगी. पहिल्या पदवीला नाही.

घराचे कागद

मूळ दस्त, इंडेक्स-2, प्रॉपर्टी कार्ड, मंजूर नकाशा, बीयू (इमारत वापराची) परवानगी, महापालिकेची वेरा (घरपट्टी) पावती. बँकेचा पॅनल वकील मालकी हक्काचा शोध घेतो, व्हॅल्युअर किंमत काढतो. जंत्रीचा (सरकारी मूल्यांकनाचा) दर आणि व्हॅल्युअरची किंमत वेगळी असते, कर्ज व्हॅल्युअरच्या आकड्यावर ठरतं.

दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या घरांत नेहमीची अडचण वारसाची. प्रॉपर्टी कार्डवर अजून आजोबांचं नाव, आणि काका-आत्या हयात. आधी वारसाई नोंद, मग बाकीच्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र किंवा त्यांची तारणाला संमती. घरात बोलणी होऊन सगळ्यांच्या सह्या मिळेपर्यंत सणवार निघून जातात, ते धरून चाला. सोसायटीचं टेनामेंट असेल तर शेअर सर्टिफिकेट, अलॉटमेंट लेटर आणि सोसायटीचं ना-हरकत पत्र लागेल. शेतजमीन बँका सहसा घेत नाहीत, कारण 2002 च्या सरफेसी कायद्याखाली तिच्यावर वसुली करता येत नाही.

आणि नावं! वेरा पावतीवर 'सुरेशभाई', पॅनवर 'सुरेश', दहावीच्या दाखल्यावर आडनावाचं तिसरंच स्पेलिंग. नोटरीचं 'एकच व्यक्ती' प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच करून ठेवा. पासपोर्टमध्येच फरक असेल तर तो आधी दुरुस्त करा.

सहकर्जदाराचे कागद नेहमीचे: पगारपत्रकं, फॉर्म 16, प्राप्तिकर विवरणपत्रं, सहा महिन्यांचं खातेपत्रक, दुकान असेल तर गुमास्ता परवाना. क्रेडिट कार्डाची जुनी थकबाकी असेल तर अर्जाआधी फेडा.

मंजुरी, व्हिसा, पैसे

ब्रिटनच्या व्हिसाला स्वतःचे पैसे दाखवायचे तर ते खात्यात सलग 28 दिवस हवेत. शैक्षणिक कर्जाचं पत्र विद्यार्थ्याच्या नावाने आणि सहा महिन्यांच्या आतलं हवं. वडिलांच्या नावाचं पत्र चालत नाही. अमेरिकेत आय-20 (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं तो फॉर्म) साठी पहिल्या वर्षाचा पूर्ण खर्च दाखवावा लागतो. बँक म्हणते व्हिसा आणा, कॉलेज म्हणतं डिपॉझिट भरा. यातून सुटायला मंजुरीच्या वेळीच 'व्हिसापूर्व वितरणा'ची अट पत्रात लिहून घ्या; तारणाची नोंद पूर्ण झाली असेल तर बहुतेकदा ती मिळते.

मान्यताप्राप्त संस्थेच्या कर्जातून परदेशी गेलेल्या रकमेवर 1 एप्रिल 2025 पासून टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर) नाही. स्वतःच्या बचतीतून पाठवलेल्या रकमेवर आर्थिक वर्षात 10 लाखांनंतर तो लागतो, म्हणून कोणते पैसे कुठून गेले याची नोंद ठेवा. व्याजावरची वजावट जुनी करपद्धत निवडली तरच मिळते, जास्तीत जास्त 8 वर्षं.

बँकेकडून कर्जाच्या रकमेचा पुढचा प्रत्येक टप्पा आपोआप सुटत नाही. दर सत्राला कॉलेजचं फी मागणीपत्र आणि आधीच्या वर्षाचे गुण शाखेत द्यावे लागतात. फीच्या तारखेआधी तीन आठवडे द्या, कारण शाखेतून परकीय चलन विभागाकडे कागद जाण्यात दिवस जातात. पशुवैद्यकीय कॉलेजात एका विषयात अडकलं तरी पूर्ण वर्ष परत करावं लागू शकतं. तसं झालं तर बँकेपासून लपवू नका: कॉलेजचं नव्या तारखेचं पत्र घेऊन सवलतीचा काळ वाढवायचा लेखी अर्ज लगेच द्या. नाहीतर मुलगी अजून तिसऱ्या वर्षात असताना बडोद्यात वडिलांच्या खात्यातून हप्ता कापायला सुरुवात होते.