धार लावायचा दर : एक पीम

हिब्रू बायबलमध्ये ‘पीम’ हा शब्द एकदाच येतो : १ शमुवेल, अध्याय १३, वचन २१. इस्राएली लोक तलवारी-भाले घडवतील या धास्तीने पलिष्ट्यांनी त्यांच्या मुलखात एकही लोहार ठेवलेला नाही. फाळ, कुदळ, कुऱ्हाड पाजवायची तर शत्रूचंच दार गाठायचं. आता यात ‘पीम’ कुठून आला, हे कित्येक शतकं कुणाला धड सांगता येईना.

शब्द दुसरीकडे कुठेच सापडत नसेल, तर अर्थ ताडून बघायचा कशाशी? बायबलचा लॅटिन अनुवाद करणाऱ्या जेरोमने ‘फाळ बोथट झाले होते’ असं लिहून वेळ मारून नेली. १६११च्या इंग्रजी किंग जेम्स बायबलात चक्क कानस आली. हिब्रूत ‘पे’ म्हणजे तोंड, म्हणून ‘तोंडं असलेली कानस’ अशी टीपही समासात आहे. तर्क अगदीच टाकाऊ नव्हता. पण घरात कानस असताना लोक शत्रूकडे हेलपाटे कशाला घालतील?

उलगडा झाला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. प्राचीन यहूदा राज्याच्या भागात चुनखडीची छोटी वजनं मिळू लागली होती. बूड सपाट, वरचा भाग घुमटाकार, आणि त्यावर कोरलेली तीन जुनी हिब्रू अक्षरं : प-य-म. ही भरतात साधारण ७.६ ते ७.८ ग्रॅम. शेकेल हे तिथलं मुख्य वजन, सुमारे ११.४ ग्रॅमचं, म्हणजे पीम त्याच्या दोन तृतीयांश. त्या काळी तिथे नाणी नव्हती, चांदी तोलून द्यायची. वचनातली कानस गेली आणि तिथे मजुरी आली : फाळाला एक पीम, कुदळीला एक पीम. आसपास दुसरा लोहारच नाही म्हटल्यावर घासाघीस कोण करणार!

मेख एवढीच, की ही वजनं बहुतेक इ.स.पू. आठव्या-सातव्या शतकांतली आहेत आणि ही गोष्ट ज्याच्या राज्यात घडते त्या इस्राएलच्या शौल राजाचा काळ अकराव्या शतकाच्या अखेरचा. लिहिणाऱ्याने आपल्या काळातलं माप जुन्या गोष्टीत घातलं असावं, असं मला वाटतं. इ.स.पू. ५८६च्या सुमारास यहूदाचं राज्य बुडालं, आणि पुढे हे मापही विस्मरणात गेलं.

वचनाचा उत्तरार्ध मात्र अजून अडतो. कुऱ्हाड आणि पराणीसाठी ‘एक तृतीयांश शेकेल’ असं आजचे बरेच अनुवाद सांगतात, पण तिथला हिब्रू पाठच मोडका आहे.