अब्जात एक शिल्लक

पुण्याच्या नळाला खडकवासल्याचं पाणी येतं. त्यात पानशेत, वरसगाव आणि टेमघरचं पाणी असतंच. पण हे पाणी मुळात आलं कुठून, असं खोदून विचारलं तर धरणांपाशी थांबता येत नाही. पाण्यातला ऑक्सिजन कुठल्या तरी ताऱ्याच्या पोटात तयार झाला. हायड्रोजनचे प्रोटॉन त्याहूनही जुने, विश्वाच्या पहिल्या क्षणांतले, म्हणजे सुमारे १३.८ अब्ज वर्षांचे. सारसबागेबाहेरच्या फुग्यातला हेलियम (खरोखर हेलियमच भरला असेल तर) तेवढाच जुना असेल असं वाटतं, पण तो नंतरचा. पृथ्वीवरचा हेलियम युरेनियम-थोरियमच्या किरणोत्सारातून जमिनीखाली साठत गेलेला आहे.

आपल्याला हवा आहे तो वेगळाच साक्षीदार. पाण्यातल्या दर साडेसहा हजार हायड्रोजन अणूंमागे साधारण एक अणू जड असतो. त्याच्या केंद्रात प्रोटॉनच्या जोडीला एक न्यूट्रॉन असतो. हा ड्युटेरियम. याचंच जड पाणी अलिबागजवळ थळच्या प्रकल्पात तयार होतं आणि अणुभट्ट्यांना लागतं. ड्युटेरियमचं केंद्र फार नाजूक. ताऱ्यात ते टिकत नाही, लगेच जळून हेलियमच्या वाटेला लागतं. त्यामुळे आज विश्वात जे काही ड्युटेरियम आहे, ते जवळजवळ सगळं पहिल्या काही मिनिटांत बनलेलं आणि तेव्हापासून वाचलेलं.

वाचलं किती, हे त्या वेळी साधं द्रव्य किती दाट होतं यावर ठरलं. दाटी जास्त तर टकरी जास्त, आणि टकरी जास्त तर ड्युटेरियम कमी उरणार. क्वेसार म्हणजे अतिदूरच्या आकाशगंगांची झगझगीत केंद्रं; त्यांचा प्रकाश वाटेतल्या जुन्या वायुढगांतून येतो, तेव्हा त्यातून हे प्रमाण मोजता येतं. दर दहा लाख हायड्रोजन अणूंमागे सुमारे २५ ड्युटेरियम. (आपल्या पाण्यात ते जास्त आहे, कारण अवकाशातल्या थंडगार ढगांमध्ये पाण्याचे रेणू ड्युटेरियम जास्त धरून ठेवतात.) या आकड्यावरून गणित मांडलं की उत्तर येतं: विश्वात प्रत्येक प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनमागे प्रकाशाचे दीडएक अब्ज कण आहेत.

हे प्रकाशकण आहेत कुठे? पेन्झियस आणि विल्सन यांना १९६४-६५ मध्ये सापडलेल्या सूक्ष्मलहरींच्या पार्श्वभूमीत, म्हणजे बाल्यावस्थेतल्या विश्वातून उरलेल्या आणि सगळ्या आकाशातून येणाऱ्या प्रकाशात. ही प्रारणं आज २.७ केल्विनपर्यंत (सुमारे उणे २७० अंश सेल्सियस) थंडावली आहेत, तरी दर घनसेंटिमीटरला त्यांचे ४११ कण आहेत. तुमच्या खोलीतही. त्यांच्यातले बारीक चढउतार प्लँक उपग्रहाने मोजले आणि त्यातूनही द्रव्य-प्रकाशाचं तेच गुणोत्तर निघालं. एक पुरावा पहिल्या काही मिनिटांचा, दुसरा हा प्रकाश मोकळा सुटला तेव्हाचा, म्हणजे ३,८०,००० वर्षांनंतरचा, तरीही दोन वेगळ्या कारकुनांनी लिहिलेल्या वह्यांची बेरीज जुळावी तसे ते जुळतात. महास्फोटाच्या बाजूचा इतका भक्कम पुरावा मला दुसरा दिसत नाही.

पण या गुणोत्तरात एक विचित्र गोष्ट दडली आहे. तप्त विश्वात कण आणि प्रतिकण (कणाचे विरुद्ध गुणांचे जुळे, म्हणजेच प्रतिद्रव्य) जोडीनेच जन्मतात आणि एकमेकांना भेटले की जोडीनेच नष्ट होऊन प्रकाश होतात. हिशेब तंतोतंत असता तर सगळं फिटून गेलं असतं. ठोकळमानाने, दर एक अब्ज प्रतिकणांमागे एक अब्ज एक कण होते. तो वरचा एक म्हणजे आकाशगंगा, सह्याद्री, तुम्ही आणि मी. तो नसता तर विश्व रिकामं नसतं, नुसत्या प्रकाशाने भरलेलं असतं; बघायला मात्र कोणी नसतं.

‘काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे’ हा जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझने १७१४ मध्ये विचारलेला प्रश्न याहून मोठा आहे, हे खरं. १९८२ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ व्हिलेंकिन यांनी गणिताने दाखवलं की अवकाश-काळ काहीही नसताना पुंजभौतिकीच्या, म्हणजे अतिसूक्ष्म जगाच्या, नियमांनी छोटंसं विश्व उगवू शकतं. पण नियम होते म्हणजे काहीतरी होतंच की! ही पळवाट मला पटत नाही. गणेशखिंडीत १९८८ मध्ये आयुका ही खगोलविज्ञानाची संस्था उभी करणाऱ्या जयंत नारळीकरांनी तर सुरुवातीवरच शंका घेतली होती. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ हॉइल यांच्याबरोबर १९६० च्या दशकात त्यांनी द्रव्यनिर्मितीसाठी समीकरणं मांडली आणि १९९३ मध्ये हॉइल आणि बर्बिज यांच्यासह स्थिर विश्वाचा, म्हणजे सुरुवातच नसलेल्या विश्वाचा, सुधारित सिद्धांत पुढे आणला. निरीक्षणांचा कौल त्यांच्या बाजूने गेला नाही. मात्र ‘सगळं द्रव्य एका क्षणात आलं’ म्हणून पुढे सरकणं म्हणजे उत्तर नव्हे, हा त्यांच्या भूमिकेतला आक्षेप अजून बोचतो. आजचा सिद्धांतही पहिल्या सेकंदापासून पुढे छातीठोकपणे बोलतो. शून्य क्षणाबद्दल नाही.

‘अब्जात एक’चं मात्र प्रयोगशाळेत काहीतरी करता येतं. १९६४ मध्ये क्रोनिन आणि फिच यांना केऑन नावाच्या अल्पायुषी कणांत द्रव्य-प्रतिद्रव्याच्या वागण्यात किंचित फरक आढळला. शिल्लक राहायला असा फरक हवाच, हे सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ साखारोव यांनी १९६७ मध्ये मांडलं. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेच्या एलएचसीबी प्रयोगात २०२५ मध्ये तो बॅरिऑन गटातल्या, म्हणजे प्रोटॉनच्या भाऊबंदांतल्या, एका कणातही सापडला, सुमारे अडीच टक्क्यांचा. पण आजवर माहीत असलेला सगळा फरक जमेस धरला तरी विश्वाची शिल्लक भरून निघत नाही. तो फारच तोकडा पडतो. म्हणून संशयाची सुई न्यूट्रिनोकडे, म्हणजे कशालाही सहसा न अडणाऱ्या अतिहलक्या कणांकडे, वळली आहे. जपानमध्ये तोकाईहून न्यूट्रिनोंचा झोत जमिनीखालून २९५ किलोमीटरवरच्या कामिओकातल्या शोधकाकडे सोडतात, मग प्रतिन्यूट्रिनोंचा, आणि वाटेत रूप बदलण्याची दोघांची सवय सारखी आहे का ते पाहतात. आतापर्यंतचा कल ‘सारखी नाही’कडे झुकतो, पण शिक्का मारण्याइतका नाही. त्यासाठी तिथे आणखी मोठा शोधक बांधला जातोय.